चिमूटभर मिश्री

माझ्या खालच्या ओळीतले पुढचे दोन दात आज जागेवर आहेत, ते तुमसरच्या हिरडीवाल्या डॉक्टरांमुळं. हे पहिल्याच ओळीत लिहून ठेवते. कारण पुढं जे सांगायचंय त्यात त्यांची एक चूकही येणार आहे, आणि ती वाचून कुणी त्यांना नावं ठेवायला नको. त्या चुकीत निम्मी मी होते. आणि त्यांनी ती ज्या रीतीनं निस्तरली, तशी चूक निस्तरणारा शिकलेला माणूस मी अजून दुसरा पाहिलेला नाही.

तसे ते सगळ्याच दातांचे डॉक्टर. पण दाढ ठणकते म्हणून गाल धरून आलेल्या माणसालाही ते आधी ओठ खाली ओढून हिरडी दाखवायला लावायचे. म्हणून गावानं त्यांचं नाव हिरडीवाले पाडलं. त्यांना ते आवडायचं. म्हणायचे, "दात बोंबलते, म्हनून त्याचे लाड होतेत. हिरडी गरीब आहे. दुखत नाही, खुपत नाही, मुकाट्यानं मांग सरकते. मांग सरकनाऱ्याकडं कोनाचं ध्यान राहते?"

आम्ही सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातले. माझे मालक राईस मिलची मशिनरी बसवणारे फिटर. कंपनीनं त्यांना दोन महिन्यांसाठी तुमसरला पाठवलं, मिलमालकाला त्यांचं काम आवडलं आणि त्यानं ठेवूनच घेतलं. मागून मी आले. माझी शाळा सातवीत सुटलेली. गावाबाहेर म्हणून म्हसवडच्या बाजारापलीकडं कधी गेले नव्हते. इथं उतरले तर बोली वेगळी, जेवण वेगळं, ज्वारी शोधावी लागायची. मिलच्या मागं पत्र्याच्या चार खोल्या, त्यातली एक आमची. माणसं चांगली होती. पण कुणी सहज "काहून आली व?" असं विचारलं, तरी मला वाटायचं, आपलं काही चुकलं का. माझा स्वभावच तसा आहे. दारात पाहुणा दिसला तरी मला आधी भीती वाटते आणि मग आनंद होतो.

दातांचं असं झालं. एकदा आरशात पाहताना वाटलं, खालचे दोन दात लांब झालेत. शेजारच्या दातांपेक्षा चांगले उंच. थंड पाणी लागलं की कळ थेट हनुवटीत जायची. ह्यांना म्हणाले, "माझे दात वाढायला लागलेत." हे म्हणाले, "अक्कलदाढ आसंल." अक्कलदाढ पुढं येत नाही एवढं मलाही कळत होतं. पण तोवर मला आई दिसायला लागली होती. आईचे सगळे दात चाळिशीत गेले. तेही असेच आधी लांब झाले, मग हलायला लागले, मग ती एकेक दात बोटानं काढून परड्यात टाकायची. तेव्हापासून आई हसताना पदर तोंडावर धरते. आणि मी तर तिशीचीही नव्हते.

शेवटी मिलमधल्या एका बाईनं दवाखाना दाखवला. घराच्याच पुढच्या खोलीत एक खुर्ची, भिंतीला एक बाकडं, कोपऱ्यात टेबलापाशी डॉक्टरांची बायको वही घेऊन बसलेली. मी आत गेले. डॉक्टरांनी नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, माझ्या तोंडाकडं पाहिलंसुद्धा नाही. हात पुढं केला आणि म्हणाले, "ब्रश आनला?"

"ब्रश? माझा?"

"मंग काय माहा? जा, घेऊन ये. तोंड कुठं पळून नाही चाललं."

मी परत मिलपर्यंत चालत गेले आणि ब्रश पिशवीत घालून आणला. तोवर माझा नंबर मागं गेला होता. माझ्यापुढं लाखांदूरच्या एस.टी.चा कंडक्टर होता, खाकी कपड्यांतच आलेला. त्यानं ब्रश दिला. ब्रश कसला, नुसता उमललेला झेंडू. चारी बाजूंनी केस फाकलेले. डॉक्टरांनी तो खिडकीच्या उजेडात धरला आणि बराच वेळ पाहिला.

"कोनावर राग आहे?"

"नाही जी."

"मंग दात घासता का बस धुता?"

बाकडं हसलं. कंडक्टरही हसला. मग जरा वेळानं, कुणी विचारलं नसताना, खाली बघत म्हणाला, "भावासंग बोलचाल बंद आहे. दोन साल झाले."

डॉक्टरांनी त्याला मऊ केसांचा नवा ब्रश दिला. "भावासंग बोला. नाहीच जमलं त कमीत कमी हा वापरा. ह्याच्यानं रागावता येत नाही."

माझ्या ब्रशात त्यांनी पाहिलं ते असं: "उजव्या हातानं घासतेस. घाईनं घासतेस. कोनी मांगून आवाज देईन असं वाटते तुले." ज्योतिष्यानं आजवर मला इतकं खरं सांगितलं नव्हतं. लोक पत्रिका दाखवायला कुठं कुठं जातात, त्यावर डॉक्टर हसून म्हणायचे, "पत्रिका बामनानं लिहिलेली राहते. ब्रश मानसानं सोता लिहिलेला राहते."

मग त्यांनी तोंड पाहिलं. टोकाला रेघा असलेली एक बारीक सळई दातांजवळ धरून ते आकडे बोलत गेले आणि बायको वहीत लिहीत गेली. दोन, दोन, चार, पाच, दोन. चार आणि पाच माझ्या लांब दातांचे होते. मी विचारलं, "दात कशानं वाढले वं डॉक्टर?"

"दात नाही वाढला. धुरा पाहिला का तू?"

इकडं भाताच्या वाफ्याला बांदी म्हणतात आणि तिच्या बांधाला धुरा. त्यांनी कॅलेंडरच्या पाठीमागं चित्र काढलं. धुऱ्यावर एक झाड. "दरसाल पान्यानं धुऱ्याची माती सुटते. मुळ्या उघड्या पडतेत. लोक म्हनतेत, झाड उंच झालं. झाड उंच नाही झालं व माय. धुरा खाली बसला. तुही हिरडी खाली बसली, दाताची मुळी उघडी पडली, म्हनून थंड पानी झोंबते."

"मग आता?"

"आता माती काहून सुटली ते पाहायचं. कोनी जोरानं घासते. कोनाच्या दाताले किटन बसून दगड होते, ते हिरडीले ढकलते. कोनी झोपेत दात खाते. कोनाचं हाडच जन्माचं पातळ. गेलेली माती आपोआप वर येत नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो. राहिली तेवढी धरून ठेवू. फारच गेली अन् कारन सापडलं, त दुसरीकडून आनून लावता येते. पन कारन सापडलं पाहिजे. नाही त लावलेलं बी वाहून जाते."

मग ते हात धुता धुता विचारत गेले. "खर्रा खातेस?" सुपारी, तंबाखू, चुना घोटून केलेला खर्रा इकडं बायकाही खातात. मी नाही म्हणाले. "गुडाखू?" ते काय असतं तेच मला माहीत नव्हतं. नाही म्हणाले. "गोडधोड?"

माझ्या मनात मघापासून एकच गोष्ट होती आणि ती सांगायची लाज वाटत होती. ती या प्रश्नाला बाहेर पडली. मान खाली घालून, तोंडावर पदर धरून म्हणाले, "जास्त काय न्हाय डॉक्टर. फक्त मिश्री. सकाळी आन् दुपारी. चिमूटभर."

"चिमूटभर मिश्रीनं काय होते? चालते. पन मांगून पान्यानं खळखळून चूळ भर."

मी त्यांच्या पाया पडायचीच राहिले. आमच्याकडं मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. पानं तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, वाटायची, डबीत भरायची आणि बोटानं हिरडीला लावून बसायचं. आजी लावायची, आई लावते. बाराव्या वर्षी माझी दाढ दुखली तेव्हा आईनं मलाही लावली आणि ती लागली ती लागलीच. ती वाईट, हे मला माहीत होतं. पाकिटावर लिहिलेलं असतं, टीव्हीवर सांगतात. पण एवढा मोठा डॉक्टर, ज्याला नुसत्या ब्रशावरून माणसाचा स्वभाव कळतो, तो म्हणतोय चालते. वर चूळ भरायची रीतही सांगतोय. मी घरी जाऊन आईला फोन केला. आई म्हणाली, "बघ. मी काय येडी हाय का?"

डॉक्टरांनी किटण काढून दात साफ केले. दातांच्या पाठीमागचे काळे डाग पाहून म्हणाले, "चहा लय पितेस." मी मान हलवली, कारण चहाही पीत होतेच. मग त्यांनी मला घासायला शिकवलं. ब्रश खुरप्यासारखा मुठीत धरायचा नाही, पेनासारखा धरायचा. हिरडीकडून दाताकडं हळूच फिरवायचा. मला दहादा करायला लावलं. सातवीत शाळा सुटल्यावर पहिल्यांदाच कुणी मला हाताला धरून काही शिकवत होतं.

त्यांना माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत. एकदा भाजीबाजारात मी नमस्कार केला, तर ते माझ्याकडं परक्यासारखे बघत राहिले. मी पदर खाली केला आणि थोडीशी हसले. त्यांचा चेहरा उजळला. "अरे, खालचे दोन." पुढं त्या बाजारात मेथीवाल्यानंही मला खालचे दोन म्हणायला सुरुवात केली.

आणखी एक खोड म्हणजे सकाळी सहाला मोपेडवर बसून पेशंटच्या दारात जाऊन उभं राहायचं. न सांगता. "दवाखान्यात सगळेच चांगले घासतेत. लग्नात सगळेच चांगले वागतेत." दारात उभे राहून बघायचे, एखादा शब्द बोलायचे आणि निघायचे. चहाला थांबले, तर मात्र साखर तीन चमचे.

दर दोन महिन्यांनी मी मापाला जायचे. पहिल्या खेपेला आकडे तेच होते. दुसऱ्या खेपेला पाचाचे सहा झाले. तिसऱ्या खेपेला ते सळई धरून आकडा बोललेच नाहीत. बायको पेन धरून वाट बघत होती. मग त्यांनी तो दात दोन बोटांत धरला आणि मला कळलं, तो हलतोय. आईचा जसा हलायचा.

त्यांनी माझा ब्रश उजेडात धरला. "ब्रश बरोबर आहे. घासनं बरोबर आहे. मंग माती कुठं चालली?" माझ्याकडं वळून म्हणाले, "खोटं त नाही बोलून रायली तू? खर्रा खातेस चोरून?"

"देवाशपथ न्हाय."

"कोनतं तरी कारन लपवून ठेवलं तू. कारनाशिवाय होत नाही असं. दोन महिन्यांत नाही सापडलं त दात काढावे लागतीन दोन्ही."

मी वाटेनं रडत आले. खोटं बोलायची माझी हिंमतच नाही, आणि नेमकं त्यांनाच मी खोटी वाटले होते. घरी आल्यावर काय केलं असेल मी? डबी उघडली आणि बोटभर मिश्री लावून बसले. मन थाऱ्यावर येईना तेव्हा आमच्याकडच्या बायका दुसरं काय करतात. मग खळखळून चूळ भरली. त्यांनी सांगितलं होतं तशी.

त्यानंतर आठेक दिवसांनी, थंडीत, सकाळी मी उंबऱ्यात स्टोव्ह ठेवून तंबाखू भाजत बसले होते. भावानं गावाकडून पान पाठवलं होतं. त्या धुरात मला आईच्या चुलीपुढं बसल्यासारखं वाटायचं, म्हणून मी ते काम सावकाश करायची. शेजारच्या खोलीतली बाई, मिलमध्ये तांदूळ निवडायला जायची ती, नाक धरून बाहेर आली होती. तेवढ्यात मोपेड थांबली.

"काय जळून रायलं व?" डॉक्टरांनी तिला विचारलं.

"हे सातारकरीन हाय नं, महिन्यातून एकदा असाच ठसका देते आमाले."

मी हात थांबवला नाही. थांबवला तर करपतं. "या डॉक्टर. ब्रश झाला माझा. आता मिश्री भाजतेय."

"काय भाजतेस?"

"मिश्री."

"मिश्री कशी भाजतेत?"

मला वाटलं, शिकायचंय त्यांना. मी सांगायला लागले. जाळ बारीक ठेवायचा, पान काळं होऊ द्यायचं पण पेटू द्यायचं नाही, सारखं हलवायचं. ते ऐकत ऐकत जवळ आले, वाकले, तव्यातून चिमूट उचलून हुंगली. खोकला आला त्यांना.

"हे तंबाखू आहे."

"व्हय. मिश्री."

"हे तू हिरडीले लावतेस?"

"तुम्हीच तर म्हणाला, चिमूटभर चालते. चूळ बी भरते मागनं. एक दिवस चुकले न्हाय."

डॉक्टर उंबऱ्यावर बसले. हातातली चिमूट तशीच. शेजारणीला म्हणाले, "तुह्या घरी मिश्री आहे का व?"

"हाय नं. नातवाले खोकला होता, आनून ठेवली." ती आत गेली आणि मुठीत घेऊन आली. डॉक्टरांनी डावा तळहात पुढं केला. तिनं त्यावर पांढरे खडे ठेवले.

"आमच्या इकडं हे मिश्री," ते मला म्हणाले.

"ही तर खडीसाखर."

"अन् हे?" उजवा हात.

"ही मिश्री."

शेजारीण पदर तोंडात कोंबून हसायला लागली. मग डॉक्टर हसत नाहीत हे पाहून थांबली. ते दोन्ही हात गुडघ्यांवर उघडे ठेवून बसले होते, एकात पांढरं, एकात काळं, आणि कुठं पुसावं ते न कळल्यासारखं बघत होते.

"कॉलेजात शिकलो होतो मी हे," ते म्हणाले. "तिकडच्या बाया जळकी तंबाखू लावतेत, तिले मिश्री म्हनतेत. पेपरात लिहिलं बी होतं. पन डोकं कॉलेजात जाऊन आलं, कान तुमसरचेच राहिले."

मी तवा खाली उतरवला. चारही खोल्यांतली माणसं दारात आली होती, आमचे हेही तोंडात ब्रश धरून उभे होते. डॉक्टर उठले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हिले मी खोटी म्हनलो. ही खोटी नाही. हिनं पयल्याच दिवशी खरं सांगतलं. चूक माही आहे. हिची नाही."

लहानपणापासून मी "चूक तुझी" हेच ऐकत आले. शाळेत, घरात, सासरी. एवढ्या मोठ्यानं, एवढ्या लोकांत, माझी चूक नाही असं कुणी सांगितलं नव्हतं. मी रडायला लागले. शेजारीण माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "नको रडू, दात काय, नवे बसवता येतेत." तिला वाटलं, मी दातांसाठी रडतेय.

जाताना त्यांनी माझं उजव्या हाताचं पहिलं बोट धरलं आणि उलटंसुलटं करून पाहिलं. नखाच्या कडेला कायमची काळी रेघ होती. "आयुष्यभर ब्रश पाहत राहिलो," ते म्हणाले. "बोट नाही पाहिलं."

त्या दिवसापासून दवाखान्याची रीत बदलली. कुणी सांगायला लागलं की मी अमुक लावतो, तर डॉक्टर हात वर करायचे. "नाव नको सांगू. वस्तू आन." टेबलावर काय काय यायला लागलं. गुडाखूचे, म्हणजे गूळ-तंबाखूच्या लगद्याचे डबे, कोळशाची पूड, मिलच्या बॉयलरमधली भुशाची राख. त्या राखेनं दात चकाचक होतात म्हणून आमच्या मिलमधली निम्मी माणसं तीच वापरत होती. डॉक्टरांनी चिमूटभर राख काचेवर घासून ओरखडे दाखवले. एका म्हाताऱ्यानं तर विटेचा तुकडा खिशातून काढून ठेवला. "हे बी?" डॉक्टरांनी विचारलं. "थोडाच लावतो जी," म्हातारा म्हणाला, "घराचीच वीट हाय."

माझ्यापुढं मात्र एकच गोष्ट होती. डॉक्टर म्हणाले, "सहा महिने तंबाखू बंद. पूर्न बंद. मंग तोंडातल्या टाळूची पातळ कातडी काढून हिरडीवर लावू. तंबाखू चालू राहिली त लावलेलं सडून जाईन. दात राहते का जाते, हे आता तुह्या बोटावर आहे."

"नाय जमायचं डॉक्टर. पंधरा वर्सं झाली."

ते म्हणाले, "तुही मिश्री बंद, त माही मिश्री बंद." आणि बायकोला सांगितलं, आजपासून चहात साखर नको.

डॉक्टरीणबाई वहीतून मान वर न करता म्हणाल्या, "चाळीस वर्सं मी बोंबलून रायली साखर कमी करा म्हनून. हिच्या दोन दातांनी एका दिवसात केलं."

तेरा दिवस मी काढले. डोकं दुखायचं, माणसं नकोशी वाटायची, ह्यांच्यावर मी विनाकारण ओरडायचे. चौदाव्या दिवशी डबीच्या तळाशी राहिलेलं बोटानं पुसून लावलं. लगेच थुंकले आणि तशीच दवाखान्यात गेले. सांगितल्याशिवाय मला राहवेना. डॉक्टरांनी ऐकून घेतलं, आत बायको नाही हे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "मी बी काल एका घरी जिलेबी खाल्ली. चल, दोघं बी आजपासून पयला दिवस."

मग त्यांनी विचारलं, नेमकी कधी लागते. मी म्हणाले, दुपारी, हे कामावर गेल्यावर, घर गप्प झाल्यावर. धुराचंही सांगितलं, आईच्या चुलीचं. त्यांनी चष्मा काढला. "तुले तंबाखू नाही पाहिजे," ते म्हणाले. "तुले माय पाहिजे. त्या टायमाले मायले फोन लाव."

तसं केलं. रोज दुपारी दोनला. आई पलीकडं मिश्री लावूनच बसलेली असायची, तोंड भरल्यामुळं अर्धं बोलणं कळायचं नाही. पण शेळी व्याली, विहिरीला पाणी आलं, चुलत्याच्या सुनेनं भांडण काढलं, एवढं कळायचं. तेवढ्यावर दुपार निघायची. एकदा आईनं विचारलं, "रोज फोन करतीस, काय झालंय का तुला?" मी म्हणाले, "डॉक्टरनं लिहून दिलंय."

सहा महिने झाले तेव्हा भाताच्या रोवणीचे दिवस होते. मिलमधल्या निम्म्या बाया चिखलात उतरल्या होत्या. डॉक्टरांनी आदल्या आठवड्यात मला मापाला बसवलं. सहा महिन्यांपूर्वी होता तोच आकडा. एक रेघही सरकलेली नव्हती. त्यांनी बायकोला आकडा दोनदा लिहायला लावला.

कातडी लावायचं काम ते स्वतः करत नसत. त्यांची एक जुनी विद्यार्थिनी नागपुराहून रविवारी आली. डॉक्टर खुर्चीच्या बाजूला स्टूल घेऊन बसले. "पऱ्हे माहीत आहेत का? धानाची कोवळी रोपं. एका जागी दाट वाढवतेत, तिथून उपटून बांदीत रोवतेत. तेच करून रायलो. टाळूतून पऱ्हं उपटायचं, धुऱ्यावर रोवायचं."

"आन् नाही लागलं तर?"

"नाही लागलं त मी आहो," एवढंच म्हणाले. दात राहतील असं त्यांनी मला एकदाही सांगितलं नाही. मला तेच बरं वाटलं. इंजेक्शनानं ओठ बधिर झाला, वर दिव्याचा उजेड, आणि सगळा वेळ माझी करंगळी त्यांच्या मुठीत.

घरी येताना ताकीद होती: थंड पेज, मऊ भात, तिथं ब्रश नाही, औषधाच्या पाण्यानं नुसतं तोंड धुवायचं आणि ओठ ओढून बघायचं नाही. मी तीन दिवस बघितलं नाही. चौथ्या दिवशी बघितलं. लावलेली कातडी पांढरीफटक. मेलेल्या माणसाच्या ओठासारखी. मी चप्पलही न घालता दवाखान्यात गेले.

डॉक्टरांनी लांबूनच पाहिलं आणि मला बाकड्यावर बसवलं. "रोवलेलं पऱ्हं पयले काही दिवस पिवळं पडते. मंग मूळ धरते, मंग हिरवं होते. इथल्या लेकराले बी माहीत आहे. रोज उपटून पाहशीन त कसं जगन ते?" मी रडत होते. त्यांनी मला हाकललं नाही. बाकीचे पेशंट तपासत राहिले आणि मला तिथंच बसू दिलं, अंधार पडायच्या आत ह्यांना बोलावून माझ्याबरोबर घरी धाडलं.

पंधरा दिवसांनी टाके काढले. एक दात पुरता झाकला गेला होता. दुसरा निम्मा. "एक लागलं, एक अर्धं लागलं," ते म्हणाले. "अर्धं बी टिकन. हलनं पाहू." दोन बोटांत दात धरला. दात हलला नाही. त्यांनी आरसा माझ्या हातात दिला आणि स्वतः खिडकीकडं जाऊन उभे राहिले. त्यांना डोळे पुसायचे होते असं मी म्हणणार नाही. पण खिडकीबाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

त्याला आता दोन वर्षं झाली. मागच्या खेपेला मी मापाला गेले तेव्हा त्यांच्या हातातला छोटा आरसा माझ्या दातावर टकटक वाजायला लागला. त्यांनी हात मागं घेतला, पुन्हा आणला, पुन्हा वाजला. आरसा ट्रेमध्ये ठेवून बायकोला म्हणाले, "लिहू नको आजचं." त्या दिवसापासून खुर्चीपाशी त्यांची नागपूरची विद्यार्थिनी काम करते, आठवड्यातून दोन दिवस येऊन. डॉक्टर बाकड्यावर बसून लोकांची बोटं बघतात. हाताचं दुखणं वाढत जाणारं आहे, असं डॉक्टरीणबाईंनी मला आत नेऊन सांगितलं. शर्टाची बटणं त्या लावून देतात. दात मात्र ते कुणाला घासू देत नाहीत. म्हणतात, त्यातलं तुले काही समजत नाही. आणि स्वतः घासतात तेव्हा हात कुठल्या कुठं जातो, हिरडीतून रक्त येतं.

ह्यांची कंपनी त्यांना परत बोलावतेय. वर्ष, दोन वर्षं, कधी जायला लागेल सांगता येत नाही. गावाला जायचं म्हणून मला आनंद व्हायला हवा होता. डॉक्टर, मी तुमच्या दवाखान्याच्या दारात उभी राहून हे मनातल्या मनात बोलले होते, आता इथं लिहून देते. आम्ही कुठंही असलो तरी, ब्रश तुमच्या हातात धरवेनासा होईल त्या दिवशी मला निरोप धाडा. मी गाडी धरून येईन. हिरडीकडून दाताकडं, जोर न लावता, कुणी मागून हाक मारणार नाही अशा बेतानं तुमचे दात मी घासून देईन. मला ते येतं.